सात नंबरचा पलंग

लेकरांच्या वॉर्डात कामाला लागलेल्या बाईला आधी चादर टाकायला शिकवत नाहीत, एक शब्द शिकवतात. तो शब्द म्हणजे 'पाहू'.

मला तो ढोले सिस्टरांनी शिकवला. त्या आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज. उंचीनं बुटक्या, चालणं भराभर, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, लेकरू विचारते, मी घरी कधी जाईन. त्याची माय विचारते, बरं होईन ना. तुमी 'हो' म्हणू नका अन् 'नाही'बी म्हणू नका. 'पाहू' म्हणा अन् कामाले लागा." मला वाटलं, हे तर सोपं आहे. मुळातच मला बोलायला जमत नाही. चार शब्दांच्या ठिकाणी एकच बोलायचा असेल तर बरंच.

अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं काढली त्याचं नाव इथं लिहीत नाही. मी तिथं आया होते. डॉक्टर कागदावर लिहितात, सिस्टर सुई टोचतात, आणि त्यानंतर जे उरतं ते सगळं आयाचं. चादरी बदलणं, लघवीचं भांडं देणं, ताप असला की ओल्या फडक्यानं अंग पुसणं, एक्सरेला लेकरू कडेवर नेणं. सुई टोचताना पाय धरणं हेही आमचंच. गंमत अशी की टोचणारी बाई लेकराच्या लक्षात राहत नाही, पाय धरणारी राहते. त्यामुळे पहिले दोन दिवस वॉर्डातलं प्रत्येक लेकरू माझ्यावर रुसलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी तेच माझ्या पदराला धरून वॉर्डभर फिरायचं.

चादरीची एक रीत असते. कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा, म्हणजे लेकरू कितीही वळवळलं तरी चादर निघत नाही. मला ते शिकायला महिना लागला. पुढं मात्र माझ्या हातचा कोपरा पाहून नवीन सिस्टर विचारायच्या, कोणत्या मावशीनं टाकली ही. एवढा एक अभिमान मला आहे.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची पाहिली. धामणगाव रेल्वेचे एक अडते होते, नातवाला घेऊन आलेले. सगळा जन्म धान्य पारखण्यात गेलेला. सिस्टरांनी दिलेली गोळी तळहातावर घ्यायचे, तूर पाहावी तशी उलटीपालटी करायचे आणि तुकडा पडलेली गोळी परत पाठवायचे. मला म्हणायचे, फुटका माल आमी घेत नाही. नातवाच्या वयाला अर्धीच गोळी लागायची, हे त्यांना कोणी सांगितलं तरी पटेना. शेवटी ढोले सिस्टर रोज अख्खी गोळी घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहायच्या, त्यांच्या डोळ्यांदेखत मोडायच्या आणि अर्धी नातवाच्या तोंडात घालायच्या. आठ दिवस हे चाललं. सिस्टरांना कंटाळा आला नाही की राग आला नाही. जाताना अडत्यांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुमी आमच्या दुकानात पायजे होत्या."

अशा गोष्टी सांगायला सोप्या. पण लेकरांच्या वॉर्डात आणखीही एक काम असतं, आणि ते कोणाला सांगावंसं वाटत नाही.

लेकरू गेलं की घरच्यांच्या हाती देण्याआधी त्याला नीट करायचं असतं. नळ्या काढायच्या, चिकटपट्ट्या काढायच्या, तोंड पुसायचं, केस विंचरायचे. पहिल्यांदा हे काम माझ्यावर आलं तेव्हा मी नळाचं पाणी वाटीत घेऊन आले. ढोले सिस्टरांनी वाटीत बोट घातलं आणि वाटी माझ्या हातात परत दिली. "कोमट करून आणा," म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या काही समजावत बसल्या नाहीत. मी पाणी कोमट करून आणलं. पुढं त्या वॉर्डात माझ्या हातानं कोणत्याच लेकराला थंड पाणी लागलं नाही. याच्यात काय मोठं, असं कोणी म्हणेल. मला ते फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

अर्शी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती दिवाळी झाल्यावर. नऊ वर्षांची, अंगानं काडी, डोळे मात्र सगळीकडे फिरणारे. घर अकोल्याचं. वडील युनूसभाई यांचं जठारपेठेत गाद्या भरायचं दुकान. आईचं माहेर अमरावतीचं, म्हणून उपचार इथं. पोरीच्या अंगात रक्त तयार होत नव्हतं. दर दोन-तीन आठवड्यांनी यायचं, रक्ताच्या पिशव्या चढवायच्या, ताप असला तर थांबायचं, नसला तर परत. असे पाच महिने. प्रत्येक वेळी तिला सात नंबरचाच पलंग हवा असायचा, कारण तिथून जिना दिसतो आणि कोण आलं कोण गेलं ते कळतं.

ती चौथीत होती. माझी शाळा चौथीतच सुटली, हे तिला कळलं त्या दिवसापासून तिनं मला वर्गमैत्रीण केलं. पाढे म्हणून घ्यायची. मी सतराच्या पाढ्यात अडकले की वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणायची, "मावशी नापास." एकदा रक्त चढत असताना मी तिच्या पायाशी बसले होते, तर म्हणाली, "आता आपुन दोघी सारख्या हाओत. मी पाचवीत गेली की मंग तुमच्या पुढं. मंग तुमी मले अर्शीबाई म्हणा." मी म्हटलं, म्हणीन. तेव्हापासून ती मला रोज बजावायची की अजून अर्शीच म्हणा, निकाल लागला नाही.

तिची आई मोजकं बोलणारी. माझ्यासारखीच. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून ती आमचं सगळं काम पाहायची. चार-सहा वेळा भरती झाल्यावर तिला वॉर्डातलं इतकं कळायला लागलं की शेजारच्या लेकराची सलाईनची बाटली संपत आली तर आमच्याआधी तिच्या लक्षात यायचं. बाटली रिकामी झाली आणि कोणी पाहिलं नाही तर नळीत रक्त उलटं चढतं. ती उठून हळूच सांगून यायची.

युनूसभाईंचं दुसरंच. ते आले की आधी गादी दाबून पाहायचे. आमच्या गाद्या रेक्झिनच्या, आत स्पंज. त्यांनी तळहात फिरवला की चेहरा असा व्हायचा की जणू कोणी शिळं खायला दिलं. "मावशी, हे का गादी हाय? पोरीच्या पाठीले घाम येऊन राहिला." एके दिवशी ते अकोल्याहून बसनं गादी घेऊनच आले. नव्या रुईची, पलंगाच्या मापाची, वर निळी खोळ. ढोले सिस्टरांनी ती हातानं चाचपली, चांगली आहे म्हणाल्या, आणि परत न्यायला सांगितली. वॉर्डात रुईची गादी चालत नाही. रक्त, औषध सांडलं तर ते रुईत मुरतं, धुता येत नाही, आणि अर्शीसारख्या पोरीला तर जंतूंची जास्तच भीती. युनूसभाईंनी वाद घातला नाही. गादी गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि जिना उतरले. अर्शी सात नंबरवरून पाहत होती. म्हणाली, "अब्बाची गादी नापास."

ती हसली, आम्ही हसलो. ढोले सिस्टर हसल्या नाहीत. पुढं एकदा त्या मला म्हणाल्या, नियम बरोबर होता मावशी, पण त्या दिवशीचा तो जिना माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

मार्च लागला. या खेपेला ताप उतरेना. तोंडात फोड आले, बोलणं कमी झालं. एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते तर तिनं माझं मनगट धरलं. "मावशी, मी पाचवीत जाईन ना?"

वीस वर्षांच्या वर मी तो एक शब्द बोलत आले होते. त्या सकाळी तो तोंडातून निघालाच नाही. मी म्हटलं, "जाशील वो माय. कशी नाही जाशील." तिनं मनगट सोडलं आणि डोळे मिटले. स्टुलावर बसलेली तिची आई माझ्याकडे पाहत होती. तिनं कधीच कोणाला असं विचारलं नव्हतं. तिला खरं काय ते ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळच्या राऊंडनंतर अर्शी गेली. डॉक्टरांनी खूप केलं. ते तरुण होते, घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. थांबल्यावर ते बराच वेळ तिचा हात धरून तसेच उभे राहिले, आणि मग बाहेर जाऊन आईवडिलांना त्यांनी स्वतः सांगितलं.

मी पाणी कोमट केलं. त्यांच्यात अंघोळ घरचे लोक घालतात, म्हणून आम्ही फक्त तोंड आणि हात पुसायचे होते. हातावर चिकटपट्टीचे डाग होते, महिनोन्‌महिन्यांचे. मी ते काढायला स्पिरिटचा बोळा घेतला. ढोले सिस्टरांनी माझा हात धरला. "स्पिरिट नको. झोंबन तिले."

मग त्यांनी आपल्या कपाटातून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि एकेक डाग बोटानं चोळून काढला. दोन्ही हात स्वच्छ झाले. शाळेला निघालेल्या पोरीचे असावेत तसे दिसत होते. मग त्या उठल्या, हात धुतले आणि चार नंबरच्या लेकराला इंजेक्शन द्यायला गेल्या, कारण त्याची वेळ झाली होती. त्या लेकराशी त्या रोजच्यासारख्याच बोलल्या. मी दुरून पाहत होते. असं कसं करता येतं, ते मला आजही कळलेलं नाही. फक्त दुपारी जेवणाच्या खोलीत गेले तर त्यांचा डबा उघडा होता, पोळी तशीच होती, आणि त्या एकच पेला पुन्हा पुन्हा विसळत होत्या.

अकोल्याला न्यायला गाडी आली. अर्शीला घेऊन सगळे खाली गेले. तेवढ्यात कॅज्युअल्टीतून निरोप आला, एक पोरगी येत आहे, उलट्या-जुलाबानं अगदी गळाली आहे, लगेच सलाईन लावावं लागेल. दुसरा पलंग रिकामा नव्हता. सिस्टर म्हणाल्या, सात नंबर करा. मी चादर काढली, गादी औषधाच्या पाण्यानं पुसली, नवी चादर टाकली, कोपरे खोचले. माझा हात इतका सवयीचा होता की सगळं पाच मिनिटांत झालं. ती पोरगी आली, पिवळ्या फ्रॉकातली, सहा-सात वर्षांची. पाय मी धरले, सुई लागली, सलाईन सुरू झालं. धार जोरात सोडलेली, बाटली पाहता पाहता अर्ध्याहून खाली आली.

आणि जिन्यावर अर्शीची आई उभी.

गाडी खाली थांबली होती, कागद व्हायचे होते. गच्चीच्या दोरीवर पोरीचा फ्रॉक वाळत होता, सकाळी तिनंच धुतलेला. तो घ्यायला ती परत आली होती. फ्रॉक तिच्या हातात होता. ती दारात थांबली आणि सात नंबरकडे पाहिलं. तासाभरापूर्वी तिची पोर जिथं होती तिथं दुसरी पोर झोपलेली, चादर बदललेली, माझा हात अजून कोपऱ्यावरच.

मला वाटलं, आता जमीन फाटावी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. ती दोन पावलं पुढं आली, वर पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, त्या पोरीचं सलाईन सरून राहिलं."

एवढंच. आणि खाली गेली.

मी बाटली पाहिली. तळाशी बोटभर राहिलं होतं. सिस्टरांना हाक मारली, त्यांनी दुसरी लावली. त्यानंतर मी घरी गेले आणि चार दिवस कामावर आले नाही.

राजापेठेच्या मागं आमची एक खोली आहे. घरच्यांना सांगितलं, कंबर धरली. भांडी घासताना, पीठ मळताना मला आपले हातच दिसायचे. पाच मिनिटांत पलंग करणारे हात. ज्यांचा अभिमान धरला होता तेच. आणि त्याच्या आधीचं ते माझं 'जाशील वो माय'. मी ठरवलं होतं, आता त्या वॉर्डात जायचं नाही. पोळ्या लाटायचं काम धरू.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात स्कूटी थांबली. ढोले सिस्टर. त्या बसल्या, चहा प्याल्या, माझ्या सुनेला तिच्या बाळाच्या डोसांचं विचारलं. कंबर कशी आहे हे विचारलंच नाही. मग मला म्हणाल्या, नवीन बाई चादरीचे कोपरे सोडून राहिली, सात नंबरची पोरगी रोज गादीवरून घसरून राहिली. त्यांनी कप खाली ठेवला.

"मावशी, पलंग करा म्हणून मी सांगतलं होतं. ते माह्याकडे राहू द्या. तुमच्याकडे ठेवू नका."

"अन् मी तिले हो म्हटलं होतं, ते?" मी विचारलं. मग सगळं सांगितलं. मनगट, पाचवी, सगळं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मीबी म्हटलं होतं. माह्या पहिल्या साली, एका पोराले. त्याच्यावरूनच तर तो शब्द धरला." आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी मी गेले. सात नंबरची पिवळ्या फ्रॉकवाली उठून बसली होती, बिस्कीट खात होती, आणि मला पाहून रुसली, कारण पाय मी धरले होते. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी झाली. मी तिच्या वेण्या घातल्या. ती आपल्या पायानं जिना उतरून गेली.

त्यानंतर आमच्या वॉर्डाची एक रीत बदलली. ढोले सिस्टरांनी ती कुठं लिहिली नाही, कोणाला विचारली नाही. लेकरू गेलं की पलंग तसाच राहायचा, चादर तशीच. एक आया घरच्यांसोबत खाली जायची आणि गाडी फाटकाबाहेर पडली की वर येऊन सांगायची. मगच पलंगाला हात लागायचा. तोवर नवं लेकरू आलं तर शेजारच्या पलंगावर दोन लेकरं झोपवायची. डॉक्टरांनी एकदा याच्यावरून कुरकुर केली. सिस्टर त्यांच्याशी भांडल्या नाहीत. शेजारच्या पलंगावर त्यांनी स्वतः जागा करून दिली, लेकरू मांडीवर घेऊन बसल्या आणि सलाईनही तिथंच लावून घेतलं.

अर्शी गेल्याला दीड-दोन महिने झाले असतील, युनूसभाई जिन्यावर दिसले. खांद्यावर गादी. मी चादरींच्या खोलीत जाऊन लपले. दाराच्या फटीतून ऐकत होते. त्यांनी सिस्टरांना सलाम केला आणि म्हणाले, "पलंगावर चालत नाही, मले मालूम हाय. हे लेकरांच्या मायांसाठी आणली. कोपऱ्यातल्या खोलीत त्या फरशीवर पडतात. मी पाच महिने पाहेलं हाय."

कोपऱ्यातली ती खोली म्हणजे लेकरांच्या आया घटकाभर पाठ टेकतात ती. आम्ही इतकी वर्षं तिथून जात-येत होतो. खाली फरशी आहे हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. सिस्टरांनी गादीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी ती आत नेऊन टाकली. युनूसभाई म्हणाले, रुई दबते, सालाभरात पुन्हा पिंजावी लागते, मी येऊन नेईन.

आणि ते आले. दर वर्षी थंडीत यायचे, गादी टेम्पोत घालून अकोल्याला न्यायचे, पिंजून, नवी खोळ घालून दोन दिवसांत परत आणायचे. आले की तिथं निजलेल्या बाईला म्हणायचे, ताई जरा उठा, तुमची गादी फुलवून आणतो. कोणासाठी, कशासाठी, ते कधी सांगितलं नाही. कितीतरी लेकरांच्या माया त्या गादीवर निजल्या, त्यांना ठाऊकही नाही. आणि मी दर वर्षी चादरींच्या खोलीत लपायचे.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. युनूसभाई गादी परत घेऊन आले तेव्हा त्यांच्यामागं जिन्यावर अर्शीची आई होती. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच येत होती. मी लपायला वळले. पण आता लपले तर पुन्हा अशी वेळ येणार नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत घोकलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणता आलं, "बाई, त्या दिवशी पलंग मी केला होता."

"तुमीच करता ना रोज," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काही टोचणारं नव्हतं. मग तिनं सात नंबरकडे पाहिलं. तिथं कोणी तरी तिसरंच लेकरू होतं.

"ती पिवळ्या फ्रॉकवाली पोरगी," तिनं विचारलं. "ते घरी गेली का?"

इतकी वर्षं ती हे मनात धरून होती, आणि कोणाजवळ बोलली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "सहाव्या दिवशी गेली. आपल्या पायानं. वेण्या मीच घातल्या तिच्या."

तिनं मान हलवली. डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. मग आम्ही दोघी कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. गादी अंथरली, रुई चांगली फुललेली होती. मी चादर झटकली. एक बाजू मी घेतली, दुसरी तिनं. माझे कोपरे झाले आणि मी पाहिलं तर तिचे कधीच झाले होते, पाकिटासारखे, घट्ट. तिला कोणी शिकवले नव्हते. पाच महिने ती स्टुलावर बसून माझे हात पाहत होती.